पंधराव्या नंबरची वारी

मंगळवार, २० मे २०२५

विमानाचं तिकीट मी भलत्याच भरात काढलं. तारीख १७ एप्रिल, म्हणजे कोल्हापुरात १८ उजाडून पहाटेचे तीन वाजलेले. युरोपा लीग या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत ल्यों या फ्रेंच संघाविरुद्ध माझा मँचेस्टर युनायटेड जादा वेळेत ४-२ ने मागे, आणि हातात जेमतेम सहा मिनिटं. मग ब्रुनो फर्नांडिसची पेनल्टी, १२० व्या मिनिटाला कोबी मेनू, आणि मेनूच्या गोलचा दंगा थांबायच्या आत हॅरी मग्वायरचं डोकं. ५-४! शेजारच्या खोलीत अण्णा झोपले होते म्हणून मी तोंडात टॉवेल कोंबून ओरडलो आणि तसाच मोबाइल उघडून मँचेस्टरचं विमान शोधलं. ऑफिसच्या कामासाठी काढलेला व्हिसा पडूनच होता. सकाळी उठून बघतो तर खात्यातून पैसे गेलेले.

इंग्लंडच्या वीस संघांच्या प्रीमियर लीगमध्ये संघ त्या दिवशी चौदावा होता. हे त्या भरात आठवलं नाही.

तिकीट काढल्यापासून आजपर्यंत लीगचे पाच सामने झाले. वुल्व्ह्जकडून हार, बोर्नमथशी बरोबरी, मग ब्रेंटफर्ड, वेस्ट हॅम आणि चेल्सीकडून हार. पाच सामन्यांत एक गुण. चौदावा संघ सोळावा झाला. मी न आलेलाच बरा होतो की काय, असं आखातात विमान बदलताना वाटून गेलं.

दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, विमानतळावर घ्यायला आला होता. अठरा वर्षं झाली त्याला इथं. मी जाकीट, छत्री, रेनकोट असा सगळा सरंजाम घेऊन उतरलो. तर म्हणतो, "ते सगळं पिशवीत ठेव. इथं दुष्काळ पडलाय." मला चेष्टा वाटली. पण खरंच, यंदाचा वसंत इतका कोरडा गेला की वायव्य इंग्लंडमध्ये दुष्काळ तोंडावर आलाय. मँचेस्टरमध्ये! आणि घरी फोन केला तर अण्णा सांगतात, "हितं मे म्हैन्यात वळीव थांबंना झालाय. अंगणात तळं झालंय."

दादाचं घर स्टॉकपोर्टला. मँचेस्टरच्या दक्षिणेला, आगगाडीनं दहा मिनिटांवर. गावाच्या डोक्यावरून सत्तावीस कमानींचा विटांचा पूल जातो, त्यावरून गाड्या धडधडतात. कोबी मेनू या गावात जन्मला, ही गोष्ट मला घरात पाऊल टाकल्यापासून दोन मिनिटांत पुतण्यानं सांगितली. पुतण्या अकरा वर्षांचा. अंगात मेनूची ३७ नंबरची जर्सी. मराठी समजतं सगळं, बोलतो अडखळत, पण "काका" अगदी कोल्हापुरी ठसक्यात म्हणतो. तो वहिनींचा प्रताप.

युनायटेडनं शेवटची लीग २०१३ मध्ये जिंकली. म्हणजे या पोरानं ती पाहिलेलीच नाही. वर्गात निम्मी पोरं शहरातल्या दुसऱ्या संघाची, मँचेस्टर सिटीची. मी त्याला १९९९ ची गोष्ट सांगायला सुरुवात केली: बार्सिलोना, बायर्न म्युनिक, नव्वद मिनिटं संपलेली, शेरिंगहॅम, मग सोल्शेर. त्यानं नम्रपणे ऐकलं. आपण लहानपणी पानशेतच्या पुराच्या गोष्टी ऐकायचो, तसं.

बुधवार, २१ मे

आज रात्री बिलबाओला युरोपा लीगचा अंतिम सामना, समोर लंडनचा टॉटनम. त्याआधी सकाळी एकट्यानं ओल्ड ट्रॅफर्ड गाठायचं ठरवलं. पिकॅडिलीहून आल्ट्रिंगमच्या दिशेची पिवळी ट्राम. 'ओल्ड ट्रॅफर्ड' नावाचा थांबा लागतो तो मात्र क्रिकेटच्या मैदानाला खेटून. उतरल्या उतरल्या २०१९ चा उपांत्य सामना आठवला. दोन दिवस चाललेला, गप्टिलचा तो थ्रो, धोनीची इंचभर कमी पडलेली बॅट, अठरा धावांनी हार. या नावाच्या दोन्ही मैदानांनी मला रडवायचं ठरवलेलं दिसतंय.

तिथून फुटबॉलचं मैदान चालत दहाएक मिनिटं. विटांची बैठी घरं, चिप्सची दुकानं, भिंतीवर चिकटवलेले स्टिकर. मग एकदम सगळं आभाळ अडवून लाल पाटी. पंचवीस वर्षं टीव्हीवर बघितलेली जागा खरी निघाली की माणूस काही क्षण खुळ्यासारखा उभा राहतो. मीही राहिलो.

समोर बेस्ट, लॉ आणि चार्ल्टन या युनायटेडच्या जुन्या दिग्गजांचा एकत्र पुतळा. तिघांपैकी डेनिस लॉ शेवटचे गेले, यंदाच्या जानेवारीत. पूर्वेच्या कोपऱ्याकडे वळलं की म्युनिकचं घड्याळ. ६ फेब्रुवारी १९५८. संघाला घेऊन बेलग्रेडहून परतणारं विमान इंधन भरायला म्युनिकला उतरलं, बर्फाच्या चिखलात तिसऱ्यांदा उडायचा प्रयत्न करताना कोसळलं. २३ माणसं गेली, त्यांत ८ खेळाडू. डंकन एडवर्ड्स एकवीस वर्षांचा, पंधरा दिवस दवाखान्यात झुंजला. घड्याळाखाली एक बाई नातीला हे सगळं सांगत होत्या. आवाज न चढवता, घरातली गोष्ट सांगावी तसं.

इमारतीला मात्र वय झालंय. पत्रे, गंज, जोडलेले पाइप. गेल्या वर्षी आर्सेनलच्या सामन्यानंतर छपरातून धबधबा कोसळताना साऱ्या जगानं पाहिला. मार्चमध्ये नव्या स्टेडियमची घोषणा झाली: एक लाख माणसांचं, नॉर्मन फॉस्टरच्या कंपनीचा आराखडा, वर भली थोरली छत्री, खर्च दोन अब्ज पौंडांच्या घरात. आणि त्याच क्लबनं नोकरकपातीच्या दोन फेऱ्या करून कर्मचाऱ्यांचं फुकटचं जेवण बंद केलं. मांडवाला झालर आणि पंगतीत आमटीला पाणी.

रात्री दादाबरोबर स्टॉकपोर्टच्या एका पबमध्ये. आठला सामना सुरू. खेळाचं वर्णन करावं असं त्या सामन्यात काही नव्हतं, दोन्ही संघ लीगच्या तळाला का आहेत ते युरोपभर दाखवत होते. आम्ही सोळावे, ते सतरावे. ४२ व्या मिनिटाला डावीकडून एक क्रॉस आला, चेंडू आमच्या ल्यूक शॉच्या अंगाला लागला, त्यांच्या ब्रेनन जॉन्सनचा पाय लागला की नाही कळलं नाही, आणि घरंगळत आत गेला. मुलांच्या खेळात असा गोल झाला तर परत खेळायला लावतात. दुसऱ्या अर्धात आमच्या हॉयलुंडचा हेडर जाळ्यात जाताना त्यांच्या व्हॅन डी व्हेननं हवेत आडवं होऊन रेषेवरून काढला. अगदी शेवटी शॉचा हेडर गोलकीपरनं अडवला. संपलं. १-०.

या हंगामात टॉटनमशी चार वेळा गाठ पडली, चारही वेळा हरलो. लीगमध्ये घरी ०-३, बाहेर ०-१, लीग कपात ३-४ आणि हा अंतिम. त्यांना सतरा वर्षांनी कप मिळाला. आम्हाला पुढच्या वर्षी युरोपात कुठलीच स्पर्धा नाही, हे दहा वर्षांत पहिल्यांदा.

पबमध्ये कुणी ओरडलं नाही. ग्लास आदळला नाही. हेच मला लागलं. शाहू स्टेडियमवर असा सामना हरलो असतो तर निवृत्ती चौकापर्यंत पंचनामा चालला असता. मी दादाला म्हटलं, "यांना काहीच कसं वाटत नाही?" शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं मराठी कळत नसूनही माझं तोंड वाचलं असावं. खुर्ची वळवून म्हणाला, तुझा पहिलाच हंगाम का? मी म्हटलं, नाही, सव्वीस वर्षं झाली. पण त्यातली पहिली चौदा प्रशिक्षक फर्ग्युसनच्या काळातली, कप जिंकायची, हे मी बोललो नाही.

मग त्यानं १९७४ सांगितलं. सतरा वर्षांचा होता. २७ एप्रिल, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर सिटी, आणि सिटीच्या निळ्या जर्सीत डेनिस लॉ. सकाळी जो पुतळा मी बघितला तोच लॉ, अकरा वर्षं युनायटेडकडून खेळून तिकडे गेलेला. शेवटच्या मिनिटांत त्यानं टाचेनं गोल मारला आणि हात वर न करता, मान खाली घालून मैदानाबाहेर गेला. प्रेक्षक आत घुसले, सामना तिथंच थांबला. युनायटेड खालच्या, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलं. बाकीचे निकाल पाहता लॉनं गोल मारला नसता तरी गेलंच असतं, पण ते कोण लक्षात ठेवतो. "मग पुढच्या वर्षी?" मी विचारलं. "पुढच्या वर्षी काय? गेलो की. सगळेच गेलो." खरंच, त्या वर्षी इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती दुसऱ्या डिव्हिजनमधल्या या मैदानावर.

घरी आलो तेव्हा पोर झोपलेलं. जेवणाच्या टेबलावर एक दोनशेपानी वही उघडी होती. रकाने आखलेले: तारीख, समोरचा संघ, अंदाज, निकाल. शेवटची ओळ पेन्सिलनं, अक्षर जरा दाबून लिहिलेलं: २१ मे, टॉटनम, ३-१, ०-१.

गुरुवार, २२ मे

सकाळी शाळेचा गणवेश घालून, टाय लावून पोर निघालं. दप्तराला युनायटेडचं किचेन. मी म्हटलं, "आज ते काढून ठेव की, सिटीवाले चिडवतील." माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला नाव बदलायला सांगितलं. "काका, ते रोजच चिडवतात," म्हणाला आणि गेला.

मी दुपारी क्लेटनला गेलो. प्रवाशांच्या यादीत ही जागा नाही, आणि बघण्यासारखं तिथं काहीही नाही. युनायटेडचा जन्म १८७८ चा, न्यूटन हीथमधला. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे आणि वाघिणी बांधणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला संघ. रंग हिरवा आणि सोनेरी. १८९३ पासून ते क्लेटनमध्ये बँक स्ट्रीटवर खेळायचे, भोवती कारखान्यांची धुरांडी. त्या मैदानाच्या जागी आता सायकल शर्यतींच्या सभागृहाचा वाहनतळ आहे. समोरच्या घराच्या भिंतीवर एक छोटी पाटी, बस्स. आणि मान वर केली की समोर, हाकेच्या अंतरावर, सिटीचं चकचकीत स्टेडियम! आमच्या मूळ गाभाऱ्यावर पार्किंग आणि शेजारी त्यांचा सोन्याचा कळस. हसावं की काय करावं.

१९०२ मध्ये हा संघ कर्जापायी बंदच पडायचा होता. कर्णधार हॅरी स्टॅफर्डनं निधी गोळा करायला जत्रा भरवली, त्याचा सेंट बर्नार्ड कुत्रा गळ्यात डबा बांधून फिरत होता, तो हरवला आणि सापडला तो जॉन हेन्री डेव्हिस या बिअरवाल्याच्या घरी, अशी आख्यायिका आहे. कुत्र्याचं खरंखोटं कुत्र्याला ठाऊक. पण डेव्हिसनं संघ वाचवला, नाव मँचेस्टर युनायटेड झालं, रंग लाल झाला, आणि १९१० मध्ये बिऱ्हाड ओल्ड ट्रॅफर्डला गेलं. तेव्हा एका पैसेवाल्यानं कर्ज फेडून संघ घेतला. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं कर्ज काढून संघ घेतला आणि ते कर्ज संघाच्याच डोक्यावर ठेवलं. गेल्या वर्षी जिम रॅटक्लिफ पाव हिश्शाहून थोड्या जास्तीचे भागीदार झाले आणि कामकाज बघू लागले. निषेध म्हणून लोक आजही हिरवा-सोनेरी मफलर घालतात. त्याचा उगम मी उभा होतो त्या डांबराखाली.

वाहनतळाच्या कठड्यावर बसून अण्णांना फोन लावला. अण्णा कोल्हापूरच्या शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघाचे. आजोबाही. आमच्या पेठेत संघ निवडायचा नसतो, तो रेशनकार्डावरच्या पत्त्याबरोबर येतो. तालमीत वर्गणी द्यायची, सामन्याला जायचं, पाटाकडील तालीम मंडळाशी, म्हणजे पीटीएमशी, गाठ असली की आदल्या रात्री झोप नाही. मी एकदा कॉलेजात असताना म्हटलं होतं, पीटीएम भारी खेळतंय राव यंदा. अण्णा दोन दिवस बोलले नव्हते. युनायटेड मात्र मी निवडलेलं. १९९९ च्या मे महिन्यात, रात्री दोन वाजता, चौदाव्या वर्षी, जिंकताना बघून. घेतलं ते आयतं, तयार, कपासकट.

"हारली न्हवं का?" अण्णांनी विचारलं.
"हरली."
"मग आता रविवारी कशाला जातोस?"
"तिकीट काढलंय, अण्णा."
"तिकीट काढलंय म्हणून व्हय?" एवढं बोलून त्यांनी पावसाचं सुरू केलं.

शुक्रवार, २३ मे

आजचा दिवस वहीचा. बाहेर गेलो ते फक्त विल्मस्लो रोडवर, करी माइल म्हणतात तिथं. शेव, फरसाण आणि कढीपत्ता घेऊन परत.

वहीत साठ ओळी. हंगामात बरोबर साठ सामने: लीगचे ३८, युरोपा लीगचे १५, दोन्ही कपांचे तीन-तीन आणि सुरुवातीची कम्युनिटी शील्ड. एकोणसाठ भरलेल्या, एक रिकामी. मी एकेक ओळ वाचत गेलो आणि विसरायला बघत होतो ते सगळं क्रमानं समोर आलं. ऑक्टोबरच्या शेवटी प्रशिक्षक टेन हागना काढलं. मधले चार सामने व्हॅन निस्टलरॉयनं सांभाळले, एकही हरला नाही. नोव्हेंबरमध्ये लिस्बनहून रुबेन अमोरिम आले, ३-४-३ घेऊन. पहिल्याच सामन्यात दुसऱ्या मिनिटाला रॅशफर्डचा गोल, आणि शेवटी इप्सविचशी १-१. तिथंच ओळखायला हवं होतं.

ही ३-४-३ ची भानगड मी दादाशी भांडून भांडून समजून घेतली. मागे तिघं, कडेला दोन धावते विंगबॅक, मध्ये दोघंच. त्या दोघांना अख्खं मैदान पळायला लागतं. कासेमिरो तेहतीस वर्षांचा. अमोरिम आले तेव्हा विंगबॅक म्हणावा असा खेळाडू संघात धड एक नव्हता. जो होता तो दुसऱ्याच जागेचा. म्हणजे कोटाचं माप घेऊन शिंपी आला, आणि कापड धोतराचं. दादाचं म्हणणं, माप बदलायचं नाही म्हणणारा शिंपी शहाणा कसा? माझं म्हणणं, दर दोन वर्षांनी शिंपी बदलून तरी काय मिळवलं? २०१३ पासून मॉइस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शेर, रांगनिक, टेन हाग, आता हे. प्रत्येकानं आपापलं कापड आणलं आणि ठिगळं तेवढी राहिली. हॉयलुंडचे लीगमध्ये चार गोल, झिर्क्झीचे तीन. पुढची फळी ही.

घरच्या मैदानावर लीगमध्ये नऊ हार: लिव्हरपूल, टॉटनम, फॉरेस्ट, बोर्नमथ, न्यूकासल, ब्रायटन, पॅलेस, वुल्व्ह्ज, वेस्ट हॅम. ब्रायटनच्या हारीनंतर तर क्लबच्या इतिहासातला हा कदाचित सगळ्यात वाईट संघ, असं खुद्द अमोरिमच बोलून गेले.

पण वहीतला अंदाजाचा रकाना वाचताना मला हसू आवरेना. एकोणसाठच्या एकोणसाठ ठिकाणी एकच आकडा. ३-१. लिव्हरपूल, ३-१. सिटी, ३-१. बार्न्सली, ३-१ (तो सामना ७-० झाला). मी विचारलं, "अरे, कधीतरी बदल की." तर म्हणतो, "एकदा बरोबर आला." बोट ठेवलं: १६ जानेवारी, साउदॅम्प्टन. ८२ व्या मिनिटापर्यंत आपण मागे होतो, मग अमादनं बारा मिनिटांत हॅट्ट्रिक केली. ३-१. त्या ओळीभोवती लाल पेननं चौकट, आणि चौकटीला चार चांदण्या.

शनिवार, २४ मे

सकाळी पोराच्या स्वतःच्या संघाची स्पर्धा, पार्कात. हंगाम संपल्यावर हौसेनं भरवतात तसली. तीन सामने, दोन हार, एक बरोबरी. वहिनींनी संत्र्याच्या फोडी करून डब्यात आणल्या होत्या. रेषेवर उभे राहून बाप लोक असे ओरडत होते की मला घरी आल्यासारखं वाटलं.

दुपारी मिसळ. कांदा-लसूण चटणी मी आणलीच होती. शेजारचा गोरा गृहस्थ जेवायला. स्टॉकपोर्ट काउंटीचा पिढीजात चाहता. त्याचा संघ तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये तिसरा आला आणि वर जायच्या सामन्यात पेनल्ट्यांवर हरला. घाम पुसत, नाक ओढत, दुसऱ्यांदा कट मागून घेत त्यानं ते सगळं सविस्तर सांगितलं, आणि युनायटेडचा विषय निघाल्यावर म्हणाला, ते मोठ्या लोकांचं काम, आमचं मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

रविवार, २५ मे

शेवटचा सामना. अॅस्टन व्हिला, चार वाजता. सभासदत्व घेऊन ठेवलं होतं म्हणून दोन तिकिटं मिळाली. दादा म्हणाला, तू आणि पोरगा जा. तिकीट ६६ पौंड, साडेसात हजार रुपये, आणि लहान मुलालाही तेवढंच. गेल्या नोव्हेंबरमध्ये हंगामाच्या मध्यावर सवलती काढून हा सरसकट दर लावला, त्यावरून तेव्हापासून निदर्शनं चालू आहेत.

सर मॅट बस्बी रस्त्यावर इतकी गर्दी की ही सोळाव्या नंबरच्या संघाची माणसं आहेत असं सांगितलं तर कुणाला पटणार नाही. कांदा परतल्याचा वास, मफलरवाले, हातात कापडी फलक. ढग भरून आले होते, वारा सुटला होता, आणि मी जाकीट घरी ठेवून आलो होतो.

आमच्या जागा पार वर, छपराच्या सावलीत. हिरवळ दिसली आणि पोरानं माझं बोट धरलं, मग मोठा झाल्याचं आठवून सोडलं. व्हिलाला चॅम्पियन्स लीगसाठी गुण हवा होता, आम्हाला काहीच नको होतं, आणि नेमके त्या दिवशी आमचे खेळाडू मोकळे खेळले! पहिला अर्ध संपता संपता त्यांचा गोलकीपर मार्टिनेझ धावत बाहेर आला आणि हॉयलुंडला आडवा करून बसला. थेट लाल कार्ड. आमच्या शेजारच्या काकूंनी त्याला जे काही म्हटलं, त्याचा अर्थ पोरानं मला सांगायला नकार दिला.

तरी गोल होईना. दहा जणांसमोर अर्धा तास नुसतं इकडून तिकडे. मग ७३ व्या मिनिटाला आमचा गोलकीपर बायंदिरच्या हातून चेंडू सुटल्यासारखा झाला, मॉर्गन रॉजर्सनं तो काढून जाळ्यात टाकला. मी डोकं धरलं. पण रेफरीनं शिट्टी आधीच वाजवली होती. आधी वाजली म्हणून व्हिडिओवाल्यांनाही बघता येईना. व्हिलावर अन्याय झाला, हे मान्य. मान्य करून आम्ही नाचलो. तीनच मिनिटांत ब्रुनोचा क्रॉस आणि इवल्याशा अमादचा हेडर. पोर खुर्चीवर उभं. ८७ व्या मिनिटाला पेनल्टी. ती मारायला क्रिस्टियन एरिक्सन, जो २०२१ मध्ये भर मैदानात हृदय थांबून कोसळला होता आणि आज युनायटेडसाठी शेवटचं खेळत होता. अख्खं मैदान उभं राहिलं. २-०.

कोपऱ्यातले व्हिलाचे लोक मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून होते. तिकडे न्यूकासल स्वतःच्या घरी हरलं होतं, म्हणजे यांना नुसती बरोबरीही पुरली असती. सारखेच ६६ गुण आणि गोलफरकानं सहावे.

आम्ही पंधरावे. ४२ गुण, ११ विजय, १८ हार, ४४ गोल. १९७४ नंतरचा सगळ्यात खालचा नंबर. वुल्व्ह्जचेही ४२ च, फक्त गोलफरकानं ते खाली. त्या आकड्यावर माणसं टाळ्या वाजवत होती, आणि मीही.

शेवटी खेळाडू फेरी मारायला आले तेव्हा बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. अमोरिम माइक घेऊन मधोमध उभे राहिले. माफी मागितली आणि सांगितलं की चांगले दिवस येणार आहेत. हे वाक्य ऐकायला मी इतक्या लांब यायची गरज नव्हती. तरी टाळी वाजवली. पोरानं दप्तरातून वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि शेवटची ओळ भरली. ३-१, २-०. "दोन गोलचा फरक तर बरोबर आला ना, काका?" मी म्हटलं, अर्धा मार्क. त्यानं प्रामाणिकपणे अर्धीच चांदणी काढली.

परतीची ट्राम भरभरून. उभ्यानं, कुणाच्या तरी काखेत. थेंब पडायला लागले होते.

सोमवार, २६ मे

विमानतळावर जिकडे बघावं तिकडे लाल जर्सी. क्षणभर ऊर भरून आला, मग चिन्ह दिसलं. लिव्हरपूल. आज तिकडे लीग जिंकल्याची मिरवणूक. त्यांची विसावी. आमच्याही वीस आहेत, म्हणजे बरोबरी. तारीखही आजची, सव्वीस मे. १९९९ ची बार्सिलोनाची तारीख. मी चहा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.

अण्णांचा मेसेज आला होता: मुंबईत पाऊस आला, लोकल बंद, उतरलास की लगेच निघू नकोस.

शुक्रवार, ३० मे

कोल्हापूर. धो धो. युनायटेडचा संघ हंगाम संपल्या संपल्या पैसे मिळवायला आशियात गेला. परवा क्वालालंपूरला आसियानच्या निवडक संघाकडून १-० हरला, आणि तिथल्या प्रेक्षकांनीही हुर्यो उडवली. आज हाँगकाँग. सामना संपल्यावर थोड्या वेळानं पुतण्याचा व्हॉइस मेसेज आला, श्वास लागलेला, दीड भाषेत. हाँगकाँगविरुद्ध आपण जिंकलो. चिडो ओबीचे दोन, एडन हेवनचा एक. ३-१.

"काका, हे मैत्रीचे सामने वहीत लिहायचे असतात का?"

अण्णा शेजारीच बसले होते. माझ्या आधी तेच फोनकडे वाकून म्हणाले, "लिही की रं."